मानेतल्या गाठी

आमच्या आळीतले तात्या तंबाखूचे शौकीन. जिभेच्या कडेला फोड आला, महिना झाला तरी बरा होईना. तपासले, तर कॅन्सर!

डॉक्टरांनी मानेची सोनोग्राफी केली. मानेची का? आपल्या सर्वांच्याच मानेत घेवड्याच्या दाण्यासारख्या पुष्कळ गाठी असतात. तोंडातला रोग आधी तिथे उतरतो. मग गाठ फुगून गोल होते, ती फोटोत दिसते. किडक्या दाढेनेही गाठ सुजते बरं का! म्हणून सुईने कण काढून तपासतात.

तात्यांचा फोटो साफ आला. तरी डॉक्टर म्हणाले, "जिभेबरोबर मानेतल्या गाठीही काढू." तात्या चिडले. पण मोहरीएवढा रोग फोटोत दिसत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २०१५ साली पडताळा प्रसिद्ध केला. गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी शंभरात ८० जगले. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी सुमारे ६८.

तात्यांनी होकार दिला. काढलेल्या एका गाठीत रोग निघाला.