बहिणाबाई कोणती?

न्यायशास्त्रात लक्षणाचा एक दोष सांगितला आहे, अतिव्याप्ती. 'शिंगे असते ती गाय' असे म्हटले की म्हैसही तीतच आली. आपल्याकडे बायकांच्या नावांचे असेच होते. नुसते 'बहिणाबाई' म्हटले की दोन मूर्ती उभ्या राहतात, आणि एकीचा शब्द दुसरीच्या पदरात पडतो.

पहिली शिऊरची. जन्म १६२८, वेरूळजवळच्या देवगावी. वडील आऊजी कुलकर्णी, सासर पाठकांचे. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबारायांचे अभंग कानी पडले आणि ध्यास लागला. ब्राह्मणाची बायको शूद्राला गुरू मानते म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, पण गुरू सोडला नाही. देह ठेवला १७०० साली.

दुसरी खानदेशची, आसोद्याची, सासर जळगावचे चौधरी. जन्म १८८०, देहान्त १९५१. ऐन उमेदीत वैधव्य आले, शेतात राबून लेकरे वाढवली. अक्षरओळख नाही, काम करता करता गाणे सुचे, घरची मुले उतरवून घेत. पुस्तक निघाले १९५२ साली, बाई गेल्यावर. मुलाचे नाव सोपानदेव! झाले; भोळा श्रोता बाईंना थेट ज्ञानोबारायांच्या भावंडांशेजारी, सहाशे वर्षे मागे नेऊन बसवतो.

आता सांगा, या दोघी एक केल्या तर काय उरले? हिचा गुरूसाठी सोसलेला मार गेला, तिचे शेतातले कष्टही गेले.

निवाडा करावा कसा? आधी नाममुद्रा पाहावी. शिऊरची बहिणा पदाच्या शेवटी आपले नाव घालते. मग बोली पाहावी. आसोद्याच्या बाईंचा खानदेशी शब्द लपत नाही. पण मुद्रेवरही सर्वस्वी विसंबू नये. चोखोबांची सोयराबाई मुद्रेत पुष्कळदा स्वतःच्या नावाऐवजी नवऱ्याचेच नाव सांगते. शिवछत्रपतींची राणी सोयराबाई निराळी. ती १६८१ साली वारली, आणि चोखोबांचा काळ चौदाव्या शतकाचा.

इथे काळाने सोडवणूक केली. मात्र काळ तरी नेहमी कुठे कामी येतो? तुकोबांच्या घरी जिजाई, जिला आपण आवली म्हणतो. आणि शिवरायांच्या मातोश्री जिजाबाई. दोघी एकाच काळातल्या, पुणे प्रांतात नांदलेल्या. तिथे माहेर विचारावे लागते. एक पुण्याच्या गुळव्यांची, दुसरी सिंदखेडच्या लखुजी जाधवांची. (आमच्याकडे लग्नात मुलीचे नावच बदलतात, त्यामुळे जुन्या कागदांत कितीजणींचे माहेर सापडत नाही, ते निराळेच.) शिऊरच्या बहिणेने आपला जन्म, कुळ, गाव स्वतःच आत्मनिवेदनात सांगून ठेवले, म्हणून ती इतकी स्पष्ट दिसते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वारीआधी भजनाची वही काढा. जिथे नुसते 'बहिणा' लिहिले असेल तिथे शेजारी शिऊर की आसोदे, एवढे लिहून टाका.