पाचावर धारण

आमच्या गावाचं पूर्ण नाव आखाडा बाळापूर. नुसतं बाळापूर म्हटलं की लोकांना अकोल्याकडचं, किल्ल्याचं बाळापूर आठवतं. इकडे आखाडा म्हणजे वावरातला गोठा आणि खोपा. माझाही एक आहे, कयाधूच्या अंगाला, घरापासून साडेसहा किलोमीटरवर. शाळेतून निवृत्त झालो तोवर गुडघ्यांनी आधीच राजीनामा दिला होता. मोटारसायकलला किक बसेना आणि साधी सायकल चढाला ढकलत न्यावी लागे. मग मुलानं नांदेडहून बॅटरीची सायकल आणली. मागच्या चाकात मोटर, ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासाची बॅटरी, आणि हँडलवरच्या छोट्या पडद्यावर शून्य ते पाच आकडे. याला दोन वर्षं झाली. ते सहा आकडे उमजायलाच पहिलं वर्ष गेलं.

१. आकडा म्हणजे वेग नव्हे.

पाच म्हणजे टॉप गिअर, असं मी समजत होतो. खरं तर तो आकडा सांगतो, मोटरनं किती हात द्यायचा. माझ्या सायकलीत पायडलच्या अक्षाजवळ चुंबकांची चकती आहे. पायडल फिरलं की शेजारचा सेन्सर चुंबक मोजतो आणि मोटर चालू करतो. पाय फिरतात एवढंच त्याला कळतं, जोर किती लावला ते कळत नाही. म्हणून पाचावर नुसते पाय हलवले तरी मोटर ओढत राहते, आणि एकावर पायांना आपला वाटा उचलावा लागतो. महागड्या सायकलींत जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असतो. यामाहानं १९९३ साली जपानात पायडलला मोटरची साथ देणारी सायकल विकायला काढली, तिच्यातही जोरच मोजला जात होता. आपली कोणत्या जातीची ते सपाट रस्त्यावर कळतं. सर्वांत हलका गिअर टाकून, जोर न लावता पाय फिरवा. तरीही सायकल जोमानं निघाली, तर ती चकतीवाली.

२. निघताना एकावरच.

पहिल्याच आठवड्यात मोंढ्यासमोर चहाला थांबलो होतो. आदल्या रस्त्यावर पाच ठेवलेला, तो तसाच राहिला. उठलो, पायडल दाबलं. अर्ध्या फेऱ्यापर्यंत काहीच झालं नाही, आणि मग मागून कुणी ढकलावं तशी सायकल उसळली. पुढचं चाक थेट पेरूच्या हातगाड्याला. पाचावर धारण बसणे हा वाक्प्रचार मी तीस वर्षं मुलांना शिकवला, त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. पेरू वेचून दिले, फुटलेल्यांचे पैसे दिले.

तेव्हापासून थांबायच्या आधीच आकडा एकावर आणतो. चकतीवाल्या सायकलीत मोटर क्षणभर उशिरा जागी होते आणि पाय थांबले तरी क्षणभर उशिरा झोपते. गर्दीत म्हणून दोन बोटं ब्रेकवर ठेवतो. अशा बहुतेक सायकलींच्या ब्रेकच्या दांडीत मोटर तोडणारा स्विच असतो. दांडी जराशी ओढली तरी मोटर बंद होते.

३. मदत चढाच्या आधी मागावी.

वावराकडे जाताना उतार आणि येताना चढ, कारण नदी खाली. सुरुवातीला मी चढावर दम लागेपर्यंत एकावर रेटायचो आणि सायकल रखडली की घाईनं पाच दाबायचो. तोवर वेग सहा-सातावर आलेला असे. चाकातली मोटर मंद फिरताना विजेचा बराच भाग नुसता तापण्यात घालवते. वर पोचून चाकाच्या मधोमध हात लावला, तर चटका बसायचा.

आता चढ दिसला की पन्नास पावलं आधीच दोनाचा तीन करतो आणि मागचा गिअर हलका टाकतो. गिअरनं मोटरला फरक पडत नाही, कारण ती थेट चाकात बसलेली आहे. फरक पायांना पडतो. पायांची लय सपाटीवर होती तीच चढावर राहिली, तर आकडा बरोबर निवडला असं समजावं. लय मोडली तर आधी गिअर बदलतो, मग आकडा. तरीही सायकल रखडली, तर उतरतो. मायनसचं बटण दाबून धरलं की माझी सायकल पायी चालणाऱ्याच्या वेगानं स्वतः पुढे सरकते. उतरण्यात कमीपणा नाही.

४. वारं हा न दिसणारा चढ.

जून जवळ आला की आमच्याकडे दुपारी सुसाट वारं सुटतं आणि परतीला नेमकं तोंडावर येतं. सपाट रस्त्यावर पाय जड का झाले, मला कळायचं नाही. सायकल ताशी १८ नं चालली आहे आणि समोरून १० चं वारं आहे, तर अंगावर २८ ची हवा येते. त्यात वेग वाढवायची हौस तर आणखी महाग. वारं पडलेलं असतानाही १८ वरून २५ वर गेलं की हवेचा अडसर जवळपास दुप्पट होतो. म्हणून वाऱ्यात आकडा एकानं वाढवायचा आणि वेग मात्र कमी ठेवायचा. दोन्ही वाढवले की बॅटरी डोळ्यांदेखत बसते.

५. जाताना परतीचं मोजा.

३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-तास. अडीचशे वॅटची मोटर पूर्ण जोरानं चालली, तर जेमतेम दीड तासाचा हा शिधा. एकावर, माझ्या वजनाला आणि आमच्या रस्त्याला, मला साधारण ४५ किलोमीटर मिळतात. पाचावर बाविसाच्या आसपास. एकदा उताराला मजेत पाच लावून वावरात गेलो, तिथून नातेवाइकाकडे गेलो, आणि परतीच्या चढाला पडदा विझला. बॅटरी संपलेली ही सायकल साध्या सायकलीपेक्षा जड असते, हे गुडघ्यांना विचारावं.

पडद्यावरच्या कांड्यांवरही लगेच विश्वास नको. चढावर मोटर जास्त वीज ओढते, व्होल्टेज तेवढ्यापुरतं पडतं आणि दोन कांड्या गायब होतात. सपाटीला लागलं की परत येतात. खरा हिशेब दोन मिनिटं सपाटीवर हलकं चालवून बघावा. उन्हाळ्यात सायकल आखाड्याच्या सावलीतच लावतो, आणि घरी आल्यावर बॅटरी निवल्याशिवाय चार्जिंगला लावत नाही.

६. ओझं आकड्यानं हलकं होत नाही.

युरियाचं ४५ किलोचं पोतं मी एकदा, आणि एकदाच, कॅरिअरवर टाकलं. मोटरनं ते ओढलं, म्हणून वाटलं जमलं. चौथ्या दिवशी मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटलेले. मोटरचं वजन, पोत्याचं वजन आणि मोटरची ओढ, तिन्ही त्याच स्पोकवर. आता दुधाची किटली आणि भाजी, बस्स. खत ऑटोनं येतं.

७. पंचविसाच्या पुढचा मोह टाळा.

“गुरुजी, वायर तोडली की चाळीसनं पळंल,” असं एका दुकानात मला सांगितलं गेलं. नियम असा आहे: मोटर ०.२५ किलोवॅटच्या आत असेल, ताशी २५ किलोमीटरला तिची साथ तुटत असेल, तर ही सायकल मोटार वाहन ठरत नाही. लायसन नको, पासिंग नको. मर्यादा काढली की ही सूट गेली. आणि आमच्या गावातून नांदेड–हिंगोली महामार्ग जातो. ट्रकच्या शेजारून सायकलचे ब्रेक घेऊन चाळीसनं जायचं धाडस मला नाही.

८. आठवड्यातून एकदा शून्य.

दर सोमवारी घरापासून वेशीपर्यंत शून्यावर जातो. व्यायामासाठी नव्हे, तपासणीसाठी. सायकलीचे दोष मोटर झाकते. टायरात हवा कमी असो, ब्रेक रिमला घासत असो, की काळ्या मातीचा चिखल मडगार्डात गच्च बसलेला असो, आपण नकळत दोनाचा तीन करतो आणि पुढे जातो. शून्यावर सगळं पायांना कळतं. गेल्या पावसाळ्यात महिनाभर मी तीनावर चालवत होतो आणि वय झालं म्हणत होतो. काडीनं चिखल काढला, हवा भरली, तर पुन्हा दोन पुरेसा झाला.

परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं अशीच सायकल घेतली. घरी येऊन विचारतो, “गुरुजी, कितीवर ठेवू?”

मी म्हटलं, “वारं कुठून आहे? कॅरिअरवर काय आहे? आणि परत कधी यायचंय?”

त्याला वाटलं, मी अजून तोंडी परीक्षाच घेतोय.