ताईंच्या घरची घागर

ह्या महिन्याच्या अभ्यासासाठी हैदराबादकडे वळू या. तेथील लढ्याची गोष्ट आपल्या मराठवाड्यास परकी नाही. १९४६ ते १९५१ ह्या काळात तेलंगणाच्या शेतकऱ्यांनी लढा दिला. स्त्रियांनी निरोप पोहोचविले, लपलेल्यांस आसरा दिला, काहींनी बंदूकही उचलली. मल्लू स्वराज्यम् त्यांपैकीच. लढा मागे घेतल्यावर मात्र पुष्कळ जणींस घरी जाऊन संसार पाहण्यास सांगण्यात आले. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने अशा स्त्रियांच्या हकिकती त्यांच्याच तोंडून ऐकून १९८६ साली तेलुगूत, मग १९८९ साली इंग्रजीत छापल्या. त्यांत अभिमान आहे, आणि दुखावलेले मनही आहे. समतेसाठी झटणाऱ्या पुढाऱ्यांनाही चुलीपाशी कोणी बसावे, हा प्रश्न लढ्याचा वाटला नव्हता!

कामगार संघटनांतही हेच घडत आले. सभा संध्याकाळी, आणि त्याच वेळी घरी पाणी भरायचे, स्वयंपाक करायचा, मुलांचा अभ्यास घ्यायचा. वर्गणी भरणाऱ्या ताई मग कार्यकारिणीत दिसत नाहीत, आणि लोक म्हणतात, बायकांना आवडच नाही. ही अडचण ओळखूनच सीटू ह्या संघटनेने १९७९ साली स्त्री-कामगारांची वेगळी समन्वय समिती नेमली. तिचे काम विमल रणदिवे ह्यांनी पाहिले.

सप्टेंबर २०२३ मध्ये तेलंगणातील अंगणवाडी ताई संपावर गेल्या. सरकारशी भांडता येते, कारण मागण्यांचा कागद देता येतो. घरी तो कोणाच्या हाती द्यावा? २०२४ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ त्यात जातो, पुरुषाचा ८८. आणि मुळात त्या कामास हात लावणारे पुरुषच थोडे.

आम्ही हे दुसऱ्यांस सांगतो आहोत, असे कोणी समजू नये. आमच्याही पंचकमिटीत चहाची वेळ झाली की सभासद भगिनीच उठतात, आणि त्या बाहेर असताना ठराव मंजूर होतो. मार्थेची तक्रार आपण पुष्कळदा शिकविली, पण तिच्या मदतीस घरातल्या भावाने का उठू नये, हे वर्गात कधी विचारले नाही.

शिक्षकांनी पुढील रविवारी मुलांस कोरा कागद द्यावा. पहाटेपासून उपासनेला निघेपर्यंत घरात कोणते काम कोणी केले, ते प्रत्येकाने नावानिशी लिहावे. मुलगे व मुली ह्यांचे कागद शेजारी ठेवून वाचावेत. पालकांच्या सभेतही ते दाखवावेत, आणि ती सभा भगिनींच्या सोयीच्या वेळी घ्यावी.