घरात कुणी दिव्यांग आहे का?

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या ५ टक्के दिव्यांग निधीची यादी लागली की अमक्याचं नाव का नाही, यावरून दरवेळी वाद. सरकार गावातले दिव्यांग मोजतं तरी कसं? जनगणनेत आमच्या गावाचा आकडा असेलच ना?
– एक वाचक, पणदरे (ता. बारामती)

उत्तर : जनगणनेच्या गावनिहाय गोषवाऱ्यात लोकसंख्या, साक्षर, काम करणारे मिळतील, दिव्यांगांचा रकाना त्यात नाही. आणि ग्रामपंचायतीची यादी ही मोजणी नव्हेच, ती दाखल्यांची यादी. दवाखान्याच्या खेपा घालून ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ज्याने मिळवलं, त्याचं नाव तिथे येतं.

जनगणनेत दाखला कुणी मागत नाही. प्रगणक विचारतो, घरातलं कुणीतरी सांगतं. गोम इथेच आहे. सत्तरीच्या आजींना धरल्याशिवाय उठता येत नाही, मोरीपर्यंत जायलाही भिंत लागते, पण दारात उभा मुलगा म्हणतो, "नाही हो, आमच्यात कुणी दिव्यांग नाही." त्याच्या लेखी ते वय झालं.

प्रश्न बदलला की आकडाही बदलतो. २००१ मध्ये महाराष्ट्रात सुमारे १५.७ लाख दिव्यांग नोंदले गेले, २०११ मध्ये २९.६ लाख. दहा वर्षांत एवढं अपंगत्व वाढलं असेल, हे मला पटत नाही. २००१ मध्ये पाच प्रकार विचारले होते, २०११ मध्ये आठ. २००१ चा नियम तर गमतीचा होता : एका कानाने बहिरा असलेला दिव्यांग, पण श्रवणयंत्र लावून ऐकू येणारा नाही! २०१६ च्या कायद्याने आता २१ प्रकार मानले आहेत.

२०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाचं प्रमाण २.२ टक्के निघालं. जागतिक आरोग्य संघटना जगासाठी १६ टक्के सांगते. ही तफावत बरीचशी विचारण्याच्या पद्धतीची. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालचा वॉशिंग्टन गट 'दिव्यांग' शब्दच टाळतो. बघताना, ऐकताना, चालताना, लक्षात ठेवताना, स्वतःचं आवरताना, बोलणं समजताना-समजावताना अडचण येते का, एवढंच विचारतो. उत्तरं चार : नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. 'खूप' म्हटलं की गणतीत. आजी इथे सुटणार नाहीत.

पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. प्रगणक दारात आला की ज्याची अडचण त्यालाच बोलू द्या. निधीच्या यादीसाठी मात्र जनगणनेतल्या नोंदीचा उपयोग नाही. तिथे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्रच लागेल, त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर आजच भरा.