क्रीडामंडळांतील मार्गदर्शक : त्यांचे शिक्षण व पात्रता

गावोगावच्या तरुण मंडळांनी व व्यायामशाळांनी मुलांसाठी कबड्डी, खो-खो, मल्लखांब यांचे वर्ग चालवावेत, ही गोष्ट शिक्षकांस आनंदाचीच वाटणार. परंतु सायंकाळी आपल्याच शाळेतील मुले ज्याच्या हाती जातात, त्या गृहस्थाचे या कामाचे शिक्षण कितपत झाले आहे, याची विचारपूस क्वचितच होते. मंडळाची नोंदणी झाली आहे, एवढ्यावर पुष्कळांचे समाधान होते. वस्तुतः संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा काय किंवा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा काय, संस्थेचा कारभार, मालमत्ता व हिशेब यांची व्यवस्था लावतो. मुलास कोलांटी शिकविणाऱ्याची योग्यता तो पाहत नाही. ती पाहणे संस्थाचालकांवर येते, आणि खेड्यात संस्थाचालक सल्ल्यास येतात ते बहुधा गुरुजींकडे किंवा बाईंकडेच.

पूर्वी हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटत असे. पुण्याच्या पेठांतील तालमीत वस्ताद असे. (हा शब्द तमाशाच्या फडातही चालतो म्हणून कोणी नाक मुरडू नये, ‘उस्ताद’ म्हणजे गुरूच.) त्याच्याजवळ प्रमाणपत्र नसे, पण त्याने कोणाच्या हाताखाली किती वर्षे अंगाला माती लावली, हे साऱ्या पेठेस ठाऊक असे. दुसऱ्या बाजीरावांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या शिष्यपरंपरेनेच वाढविली. या पद्धतीत गुरूची परीक्षा समाज घेई. तिच्यात उणीव एवढीच, की वस्तादाचे ज्ञान त्याच्या स्वतःच्या देहावरील अनुभवापुरते असे, आणि दहा वर्षांच्या मुलाचा देह हा लहान आकाराचा पहिलवान नव्हे.

विसाव्या शतकात या विद्येस सार्वजनिक संस्थांचे रूप आले. १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला आणि पुढे तेथेच खो-खोस लिखित नियम देण्याचे काम झाले. १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ काढले, आणि त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम उभारले. नियम लिखित झाले, तसा शिकविणाऱ्यासही पाठ्यक्रम हवा झाला. स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीस शारीरिक शिक्षकांची प्रशिक्षण संस्था सुरू केली. महाराष्ट्रीय मंडळाने १९७७ साली चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. मुलांस शिकविणारी संस्था अशा रीतीने शिक्षकांस शिकविणारी झाली, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता पात्रतेविषयी. येथे दोन विद्या वेगळ्या ओळखावयास हव्यात. शारीरिक शिक्षणाची पदवी, म्हणजे बी. पी. एड., ही शाळेतील सर्व मुलांच्या सर्वांगीण व्यायामासाठी आहे. पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांचा झाला. क्रीडामार्गदर्शक मात्र एका खेळात खोल उतरलेला असतो. त्याच्यासाठी १९६१ साली पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. तिचा पदविका अभ्यासक्रम आहे, तसाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही आहे. फुटबॉलसारख्या खेळांत डी, सी, बी, ए असे चढते परवाने असतात. गावच्या मंडळास पदविकाधारक मिळणे कठीण. परंतु जो स्वयंसेवक प्रेमाने येतो, त्यास सहा आठवड्यांसाठी पाठविण्याचा खर्च मंडळाने गणेशोत्सवाच्या मंडपातून वाचवावा, असे सुचविण्यास हरकत नसावी.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर पट असलेल्या शाळेसच शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. लहान शाळांचा भार त्यामुळे वर्गशिक्षकावरच राहतो, आणि मंडळाच्या मार्गदर्शकाशी त्याने बोलणे अधिकच अगत्याचे होते. काय विचारावे? तो स्वतः किती सामने जिंकला, हे सर्वांत शेवटी विचारावे. डोक्यास मार लागलेल्या मुलास त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवावयाचे नाही, हे त्यास ठाऊक आहे काय? हाड मोडल्याचा संशय असता चोळणे व ओढणे वर्ज्य आहे, अवयव होता तसा आधाराने स्थिर ठेवून मुलास दवाखान्यात न्यावयाचे, हे तो जाणतो काय? आपल्या भागात आजही मुरगळा म्हटला की तेल घेऊन बसणारा कोणी ना कोणी निघतोच. वैशाखातील सरावाची वेळ, पिण्याचे पाणी, मल्लखांबाखालची मऊ जमीन आणि शेजारी हात देण्यास उभा असलेला माणूस, यांवरूनही शिक्षण दिसून येते.

आणखी एक गोष्ट संकोचाने टाळली जाते. मुलामुलींना पकड शिकविताना, उडीस आधार देताना स्पर्श होतोच. म्हणून सराव उघड्यावर, पालकांच्या नजरेसमोर व्हावा, मुलींच्या वर्गास स्त्री कार्यकर्ती असावी, आणि बाहेरगावच्या सामन्यास एकटा मार्गदर्शक मुलांस नेणार नाही, असा ठराव मंडळाने लेखी करावा. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने असा गुन्हा घडल्याचे समजल्यावर पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. मार्गदर्शक गावचा लाडका आहे, ही सबब तेथे चालत नाही.

शिक्षकाजवळ मार्गदर्शकास देण्याजोगी एक वस्तू आधीच असते : मुलांच्या उंचीच्या नोंदी. अकरा ते चौदा या वयात उंची झपाट्याने वाढत असता गुडघ्याच्या वाटीखाली, जेथे मांडीच्या स्नायूंचा कंडरा नडगीच्या वाढत्या हाडास जोडलेला असतो तेथे, दुखू लागते. खो-खोत पुनःपुन्हा उठबस व उड्या होतात, तेथे हे विशेष आढळते. मुलगा आळशी झाला असे समजून त्यास अधिक उठाबशा दिल्या, तर दुखणे बळावते. काही आठवडे उड्या कमी केल्या, तर बहुधा उतरते. दर तीन महिन्यांनी उंची मोजावी, आणि ज्यांची वाढ एकाएकी अधिक दिसेल त्यांची नावे मार्गदर्शकास लिहून द्यावीत.