आरोग्याचा धडा : छाती लाल झाली, सुजली तर?





आजच्या धड्याचा विषय असा आहे की, तो निघाला म्हणजे आमच्या वयाच्या बायका पदर सारखा करतात आणि पुरुष मंडळी उठून बाहेर जातात. या वेळी कोणीही उठू नये, अशी आमची विनंती आहे. घरात मुलगी, सून, भाची, नात असणाऱ्या सर्वांसाठी हा धडा आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. मराठीत आपण 'कर्करोग' म्हणतो. कर्क म्हणजे खेकडा. हिब्रूत 'सार्तान' म्हणजेही खेकडा, आणि इंग्रजीतल्या 'कॅन्सर' शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही तोच. तीन भाषांनी या आजाराला एकाच प्राण्याचे नाव दिले, पण ते नाव तोंडाने घेण्याचे धैर्य मात्र आपल्याला तिन्ही भाषांत होत नाही. मुंबईच्या चाळीत आमच्या लहानपणी 'तो मोठा आजार' असे कुजबुजत म्हणत. इथे इस्रायलात आलो तर इथेही लोक 'हामहला', म्हणजे 'तो आजार', एवढेच म्हणून थांबतात. ज्याचे नाव घ्यायचे नाही, त्याची लक्षणे तरी मुलींना कोण सांगणार?

मागच्या हिवाळ्यात आमची एकोणतीस वर्षांची भाची एका संध्याकाळी आमच्याकडे आली. चहा केला तो तसाच निवला. शेवटी म्हणाली, "मावशी, आईला सांगू नकोस." तिची उजवी छाती नऊ दिवसांपासून जड आणि गरम लागत होती, आणि एका बाजूला जांभळट लाली आली होती. धाकट्या मुलाचे दूध तुटून आठ महिने झाले होते. रात्री सगळे झोपले की ती फोनवर चित्रे पाहत बसे, आणि चित्रे पाहून तिने मनाशी ठरवून टाकले होते की, आपल्याला दाहक स्तनकर्करोग झाला आहे. नऊ रात्री तिने त्या भीतीत काढल्या, पण डॉक्टरकडे मात्र एकदाही गेली नाही. घाबरायला तिला वेळ मिळाला, विचारायला मिळाला नाही. त्या संध्याकाळी तिला जे समजावले, आणि पुढे तिच्याबरोबर जाऊन आम्ही स्वतः जे शिकलो, ते येथे क्रमाने देत आहोत. हे छापण्यास तिची परवानगी घेतली आहे.

१. हा आजार काय आहे?

स्तनाचा कर्करोग म्हटला की आपल्याला गाठ आठवते. दाहक स्तनकर्करोगात पुष्कळदा हाताला गाठ लागतच नाही, म्हणून तो फसवा. आपल्या त्वचेत रक्तवाहिन्यांप्रमाणे लसिकेच्या अगदी बारीक वाहिन्या असतात. अंगातले जादा पाणी त्या वाहून नेतात. या आजारात कर्करोगाच्या पेशी नेमक्या त्याच वाहिन्या तुंबवतात. घरातली मोरी तुंबली की पाणी जसे मागे साचते, तसे पाणी त्वचेत साचते. म्हणून स्तन सुजतो, लाल होतो, गरम लागतो. जखम पिकल्यासारखे दिसते, पण आत जंतू नसतात. १९२४ साली ली आणि टॅननबॉम या दोघा डॉक्टरांनी या आजाराला 'दाहक' हे नाव दिले, तेही त्याच्या बाह्य रूपावरूनच.

हा आजार विरळा आहे. स्तनकर्करोगाच्या दर १०० रोगिणींत १ ते ५ जणींना तो होतो. इतर स्तनकर्करोगांपेक्षा तो सरासरीने कमी वयात दिसतो हे खरे, पण म्हणून विशीतिशीत तो नेहमीचा आहे असे नव्हे. त्या वयात तो फारच क्वचित होतो. क्वचित म्हणजे कधीच नाही, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये.

२. कोणती लक्षणे पाहावीत?

हा आजार वर्षानुवर्षे वाढत बसत नाही. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत तो दिसू लागतो. बहुधा एकाच स्तनावर येतो. लाली व सूज स्तनाच्या एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भागावर पसरते. स्तन अचानक मोठा व जड वाटतो, कालची चोळी आज घट्ट होते. ऊब, ठणका किंवा खाज असू शकते. स्तनाग्र आत ओढले जाते किंवा चपटे होते. काखेत किंवा गळ्याच्या हाडाजवळ गाठ लागू शकते.

एक खूण विशेष ध्यानात ठेवावी. त्वचा जाड होऊन तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे पडतात. नागपुरी संत्र्याची पातळ, सैल साल डोळ्यांसमोर आणू नका, इथल्या याफोच्या संत्र्याची जाड साल आणा. त्वचा पाण्याने फुगते, पण केसांची मुळे तिला आतून धरून ठेवतात, म्हणून तिथे तिथे खड्डा राहतो.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात घ्यावी. पुस्तकांतली बहुतेक चित्रे गोऱ्या कातडीची असतात. आपल्या गव्हाळ, सावळ्या वर्णावर लाली तशी लालभडक दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती काळपट दिसते, कधी नीट दिसतही नाही. अशा वेळी दोन्ही बाजू आरशात ताडून पाहाव्यात आणि हाताने ऊब व जाडी समजून घ्यावी.

३. मग प्रत्येक लाली म्हणजे कर्करोग का?

नाही, मुळीच नाही. तरुण वयात छाती लाल होण्याची, दुखण्याची साधी कारणे कितीतरी अधिक आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईचे दूध साकळून स्तन सुजतो, जंतू शिरतात, थंडी वाजून ताप येतो. हा स्तनदाह बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत विशेष आढळतो. पाजत नसलेल्या बाईलाही स्तनाग्राजवळ जंतूंची सूज किंवा गळू होऊ शकते, आणि सिगारेट ओढणाऱ्या बायकांत ते जास्त आढळते. पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होऊन दुखतात, आणि पाळी आली की उतरतात. इसब, कीटकाचा दंश, घट्ट चोळीचा काच, हीही कारणे असतात.

दाहक कर्करोगात ताप बहुधा नसतो. पण तापावरून किंवा चित्रावरून घरी बसून निर्णय करणे हे आपले काम नाही. डॉक्टरलाही नुसत्या नजरेने ते सांगता येत नाही. आपले काम एवढेच की वेळ मोजणे.

४. दहा दिवसांचा नियम

डॉक्टरांनी स्तनदाह समजून अँटिबायोटिक दिले, तर त्यात गैर काही नाही, कारण बहुतेक वेळा तो स्तनदाहच असतो. परंतु जंतूंची सूज औषधाने उतरते, कर्करोगाची उतरत नाही. सात ते दहा दिवसांत लाली व सूज स्पष्टपणे उतरली नाही, तर त्याच औषधाची दुसरी खेप घेऊन वाट पाहत बसू नये. स्तनाच्या तज्ज्ञाकडे जाऊन पुढील तपासणी मागावी. 'थोडे बरे आहे' म्हणजे बरे नव्हे. लाली पूर्ण गेली पाहिजे.

यासाठी शाळकरी मुलीसारखी एक वही करावी. लाली कोणत्या तारखेला दिसली, एका बाजूला की दोन्ही, ताप किती, औषध कोणते, कधी सुरू केले, हे लिहावे. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढावी. रोज पाहावे, रेघेच्या आत आली की बाहेर गेली. रोज त्याच जागी, त्याच उजेडात एक छायाचित्र काढून ठेवावे.

आणि एक कळकळीची सूचना : हळदीचा लेप लावू नये. भाचीच्या सासूबाईंनी प्रेमानेच लावला होता. परंतु हळदीने सगळी त्वचा पिवळी झाली, आणि डॉक्टरांना लाली कुठवर आहे तेच समजेना. डॉक्टरांनी विचारले, "हे काय?" तेव्हा आम्हालाच ओशाळे झाले.

५. आमची चूक

येथे एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९९४ साली आमच्या शाळेत आपल्याच समाजाची, मूळची ठाण्याची, एक अडतीस वर्षांची शिक्षिका होती. तिची डावी छाती सुजली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मग पुन्हा गोळ्या दिल्या. मग तिसऱ्यांदा दिल्या. असे अडीच महिने गेले. एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत तिने आम्हाला विचारले, "ताई, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का? हे म्हणतात, उगाच काळजी करते." आम्ही म्हणालो, "डॉक्टरांचे ऐक. गोळ्या पुऱ्या कर."

चौदा महिन्यांनी ती गेली. मागे दोन मुले होती.

अडीच महिने आधी कळले असते तर ती वाचली असती का, हे कोणी सांगू शकत नाही. आम्हीही तसा दावा करीत नाही. परंतु तिला विचारावेसे वाटले होते, आणि आम्ही तिला गप्प केले. मोठ्यांना उलट प्रश्न करू नये, या शिस्तीत आमची पिढी वाढली, आणि तीच शिस्त आम्ही वर्गात चाळीस मुलांना लावत होतो. डॉक्टरला पुन्हा विचारणे म्हणजे उद्धटपणा, असे आम्हाला खरोखर वाटत असे. आज तसे वाटत नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला काळजीखोर म्हणून हसू नये, एवढे त्या मैत्रिणीने जाता जाता आम्हाला शिकवले.

६. तपासणी कशी होते?

प्रथम कुटुंबाच्या डॉक्टरकडे, म्हणजे 'रोफे मिश्पाहा'कडे जावे. तेथून 'किरूर्ग शाद', म्हणजे स्तनाच्या सर्जनकडे जाण्याची चिठ्ठी मागावी. कुपत होलिममध्ये 'तोर' लांबचा मिळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून चिठ्ठीवर 'दाहूफ', म्हणजे तातडीचे, असे लिहून मागावे. लाजू नये. "ज़े लो ओवेर", म्हणजे हे जात नाही, एवढे तीन शब्द स्पष्ट म्हणावेत आणि वही पुढे ठेवावी.

तरुण वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत सर्व काही स्वच्छ दिसतेच असे नाही, म्हणून सोनोग्राफीही करतात, लागल्यास एमआरआयही. खरा निर्णय बायॉप्सीने होतो. सुईने आतला तुकडा घेतात, आणि त्वचेचाही लहानसा तुकडा तपासतात. गरोदर किंवा पाजती बाई असली तरी सोनोग्राफी आणि बायॉप्सी करता येतात, त्यासाठी बाळंतपण होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

७. निदान झालेच तर?

खरे ते सांगावे, म्हणून सांगतो : हा आजार कडक आहे. कळतो तेव्हा तो त्वचेपर्यंत आलेला असतो, आणि सुमारे एक तृतीयांश रोगिणींत तो शरीरात दूरवर पोचलेला असतो. अमेरिकेतील आकड्यांप्रमाणे निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे. दूर पसरण्याआधी सापडला, तर ते याहून चांगले असते.

उपचारांचा क्रम ठरलेला आहे. आधी केमोथेरपी, मग स्तन व काखेतील ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया, मग किरणोपचार. घाईने आधी शस्त्रक्रिया करीत नाहीत. गाठीच्या पेशी कोणत्या जातीच्या आहेत हे तपासून नेमकी त्यांच्यावर चालणारी औषधेही देतात, आणि अशा औषधांनी अनेकींचे आयुष्य वाढले आहे. पुढे मूल हवे असेल, तर केमोथेरपी सुरू होण्याआधीच डॉक्टरांना तसे सांगावे, नंतर नव्हे.

८. भाचीचे काय झाले?

वाचक विचारतील, म्हणून सांगतो. तिला दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. आठव्या दिवशी फोनवर म्हणाली, "मावशी, बरीच उतरली आहे. परत जायला हवं का?" आम्ही म्हणालो, "जायला हवं. आम्ही येतो." सोनोग्राफीत लहानसे गळू निघाले. ते सुईने रिकामे केले, तुकडा तपासायला पाठवला. उत्तर येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते तिला आणि आम्हालाच ठाऊक. कर्करोग नव्हता. तीन आठवड्यांनी लाली पूर्ण गेली. डॉक्टरांनी सिगारेट सोडायला सांगितली, आणि ती सिगारेट ओढते हे तिच्या आईला त्याच वेळी समजले. त्यावर घरात जे झाले तो वेगळा धडा आहे.

स्वाध्याय

१) दाहक स्तनकर्करोगात गाठ का लागत नसेल, हे घरातील एका तरुण मुलीला आपल्या शब्दांत समजावून सांगा.

२) सावळ्या त्वचेवर लाली कशी दिसते?

३) अँटिबायोटिक घेऊन दहा दिवस झाले, लाली अर्धी उतरली. पुढे काय कराल?

४) आपली मुलगी किंवा सून असे काही सांगायला आली, तर तिला पहिले वाक्य कोणते म्हणाल? ते आजच ठरवून ठेवा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे तयार आहे : "बरे झाले सांगितलेस. चल, आपण दोघी जाऊ."