ब्राह्मी : स्मरणशक्तीचे संरक्षण आणि शेतातील शुद्धता

मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी दीर्घकाळ उत्तेजित राहिल्यास दाहकारक द्रव्ये स्रवत राहतात. त्यामुळे चेतापेशींची हानी होऊन स्मरणशक्ती क्षीण होऊ शकते. ब्राह्मीच्या, अर्थात बाकोपा मोनिएरीच्या, अर्कामुळे टीएनएफ-अल्फा व इंटरल्युकिन-६ या द्रव्यांचे स्रवण घटत असल्याचे प्रयोगशाळेतील पेशींवर आढळले आहे. निरोगी प्रौढांवरील काही चाचण्यांत प्रमाणित अर्क दररोज ३०० मिलिग्रॅम याप्रमाणे १२ आठवडे दिल्यावर स्मरणात सुधारणा दिसली. तथापि स्मृतिभ्रंशावरील उपचार म्हणून तो सिद्ध झालेला नाही.

अर्काची गुणवत्ता शेतातच ठरते. बाजारात ब्राह्मी या नावाने मंडूकपर्णीही विकली जाते. ब्राह्मीची पाने लहान, मांसल व समोरासमोर असतात; मंडूकपर्णीची गोलसर व लांब देठाची. पहिलीत बॅकोसाइड, तर दुसरीत एशियाटिकोसाइड हे मुख्य घटक असतात. ब्राह्मी कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते. म्हणून सांडपाण्यावर तिची लागवड करू नये. कापणीनंतर ती स्वच्छ धुऊन सावलीत वाळवावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी लागवडीपूर्वीच रोपांची ओळख व पाण्याचा स्रोत तपासून घ्यावा. दूषित पाण्यावर वाढलेली वनस्पती औषधासाठी वापरणे अपायकारक ठरते.